भावजयीच्या हातातलं विमान

माझ्या भावाने बनवलेलं विमान माझी भावजय उडवते. लोकांना हे मी हसत सांगते, कौतुकाने सांगते, आणि सांगून झालं की माझ्या पोटात दुखतं. खोटं कशाला बोलू. मी नणंद आहे, त्यातून थोरली.

विमान म्हणजे जत्रेत मिळतं तसलं नव्हे. माणसाने दोन्ही हात पसरावेत एवढे त्याचे पंख. अंग फोमच्या शीटचं, पंखांच्या आत कार्बनची दांडी, नाकाला बॅटरीवर चालणारी मोटर आणि तिला प्रोपेलर. आपण जमिनीवर उभं राहायचं, हातातल्या रिमोटच्या दोन काड्या हलवायच्या आणि विमान वर आकाशात वळतं. कुणी त्याला खेळणं म्हटलं की भाऊ चिडतो. फिरत्या प्रोपेलरमध्ये बोट गेलं तर बोट जाईल, वरून कुणाच्या डोक्यात पडलं तर कपाळमोक्ष होईल, असल्या वस्तूला खेळणं म्हणतात का, असं तो विचारतो. त्याचं म्हणणं बरोबर आहे.

आमचं माहेर रोह्याच्या पलीकडे, अष्टमीत. कुंडलिकेचा पूल ओलांडला की आलंच. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. पंख्यांच्या नि मिक्सरच्या खोक्यांतला थर्माकोल दुकानदारांकडून मागून आणायचा, ब्लेडने कापायचा आणि त्याची विमानं करायचा. ती हवेत सोडायची मी, कारण हा धावताना हमखास पडायचा. नदीकाठच्या मोकळ्या जागेत मी विमान डोक्यावर धरून पळायची आणि तो मागून सांगायचा, "ताई, नाक खाली ठेव." आमच्या दोघांत तिसरं कुणी नव्हतं. आई म्हणायची, या दोघांत मिळून एकच डोकं हाय, नि तेपण धड नाय.

पुढे मी लग्न होऊन पेणला आले. सासरी गणपतीचा कारखाना. मूर्ती घडवणारे हात वेगळे, मी रंगाला बसते, त्यातही दागिने माझ्याकडे. मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा, सोवळ्याचा काठ. भाऊ तिकडे कंपनीत लागला, शिफ्ट करू लागला. चाळिशी उलटल्यावर त्याने पहिलं रिमोटचं विमान बनवलं. भातकापणी झाली की अष्टमीमागची शेतं मोकळी होतात. मालकाला विचारून, विजेच्या तारा आणि रेल्वेलाइन दोन्ही लांब बघून, तो तिथं उडवायचा. मी अधूनमधून रविवारची गाडी पकडून जायची. विमान हातातून सोडायचं काम अर्थातच माझं. भावजय तेव्हा बांधावर बसून वालाच्या शेंगा सोलायची आणि वर बघायचीसुद्धा नाही. तेव्हा ती मला फार आवडायची.

मग भावाला काचबिंदू निघाला. समोरचं त्याला अजून नीट दिसतं. वायरीला सोल्डर मारतो, बारीक स्क्रू पिळतो, पेपर वाचतो. पण बाजूचं गेलं. नळीतून बघावं तेवढंच दिसतं. आकाशातलं विमान त्या नळीतून निसटलं की त्याला परत सापडत नाही. एका रविवारी तसंच झालं. विमान वर, आवाज येतोय, आणि हा मान फिरवून फिरवून शोधतोय. शेवटी ते शेजारच्या शेतात जाऊन आपटलं. तिथं बायका वाल खुडत होत्या. कुणाला लागलं नाही, पण एकीपासून दोन हातांवर पडलं. भाऊ तिच्या पाया पडून आला, रिमोट पेटीत ठेवला आणि म्हणाला, "ज्याला विमान दिसत नाही त्याने ते उडवायचं नाही." एवढंच बोलला आणि घरी येऊन झोपला.

त्या वर्षी त्याचं बरंच काही सुटलं. कंपनीने त्याला मशीनच्या पॅनलवरून काढून स्टोअरला बसवलं, म्हणजे शिफ्टचे दोस्त सुटले. स्कूटर चालवणं सुटलं. फोनवर नीट बोलेना. भावजय म्हणायची, "ताई, जेवतात नि भिंतीकडं तोंड करून बसतात." विमानंही गेली असती तर माझा भाऊ त्या भिंतीतच राहिला असता, हे मला पेणमध्ये बसून दिसत होतं.

जूनमध्ये त्याचा फोन आला. आवाज पूर्वीसारखा होता. म्हणाला, "ताई, बनवायला मला जमतं. बनवीन मी. तू उडवशील?"

मला रडूच यायचं बाकी होतं. मी म्हटलं, "अरे, विचारतोस काय? उडवीनच. गणपती झाले की येते."

आता पेणमध्ये या वाक्याचं कुणाला काही वाटत नाही. आमच्याकडे दात काढायचा तो गणपती झाले की, मुलगी बघायला जायचं ते गणपती झाले की, घर गळतंय तरी पत्रे गणपती झाले की. जूनमध्ये कारखान्यात पाय ठेवायला जागा नसते. मुंबईच्या ऑर्डरी उभ्या, गिऱ्हाईक डोक्यावर, रंग वाळत नाही म्हणून पंखे लावलेले. त्यात मी कुठली रोह्याला जाते? पण पेणचं कॅलेंडर मी माझ्या भावालाही लावलं, जणू त्याचे दिवसही आमच्या विसर्जनानंतरच उजाडणार होते.

त्याने माझ्यासाठी कॉम्प्युटरवर सरावाचा प्रोग्रॅम टाकून ठेवला होता. रिमोट तारेने जोडायचा आणि पडद्यावरचं विमान उडवायचं. खरं हातात घेण्याआधी तिथं शिकायचं, कारण तिथं पाडलं तर काही फुटत नाही आणि कुणाच्या अंगावर जात नाही. पाऊसभर तो कॉम्प्युटर घरात, आणि भावजय दुपारची मोकळी.

विसर्जन झालं, हाताचे रंग निघाले, आणि मी नारळाच्या वड्या घेऊन अष्टमीला गेले. शिकायला म्हणून गेले. दारातून बघते तो भावजय खुर्चीत मांडी घालून बसलेली, रिमोट हातात, पदर खोचलेला. पडद्यावरचं विमान अलगद जमिनीला टेकलं. भाऊ शेजारी स्टुलावर. म्हणतोय, "वा. अगदी बरोबर. परत एकदा." हा "वा" मी ओळखते. तो माझा होता.

"ताई, बघा ना," भावजय म्हणाली, "मला उतरवता यायला लागलं."

"बघतेय ना," मी म्हटलं.

कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण आपल्या बायकांनी कशासाठी केली ते मला त्या दिवशी समजलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. ही जिते गावाकडची, खाडीकाठची. हिचा आणि विमानाचा संबंध काय? बारा वर्षं बांधावर शेंगा सोलत होती. वड्यांचा डबा मी ओट्यावर जरा जोरातच आपटला. आणि वर ही बाई चांगली. वाईट असती तर मला किती सोपं गेलं असतं.

भावाने मला वगळलं मात्र नाही. म्हणाला, "ताई, तूही शीक. दोघी असलात तर बरं." दोघी. मी दर रविवारी जाऊ लागले. पेणहून गाडी, रोहा स्टेशन, तिथून रिक्षा. आधी कॉम्प्युटरवर, आणि कापण्या उरकल्यावर शेतात लहान फोमच्या विमानावर. आणि शिकवायला कोण? भावजय. भाऊ खुर्चीत बसून कान देऊन ऐकायचा आणि ती माझ्या शेजारी उभी राहायची.

विमान लांब जातं तेव्हा सगळं सरळ असतं. ते तोंड वळवून आपल्याकडे यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं. आपण उजवीकडे ढकलतो, ते आपल्या डावीकडे जातं. मी पहिल्यांदा गोंधळले आणि विमान वालाच्या शेतात नाकावर उभं. दुसऱ्यांदाही तेच. मी म्हटलं, वारा फार आहे. भावजय म्हणाली, "व्हय, वारा हाय." वारा नव्हता. पान हलत नव्हतं. माझी लाज राखायला ती खोटं बोलली, आणि मला तिचा अजूनच राग आला. नाचता येईना अंगण वाकडं, असं ती तोंडावर बोलली असती तर मी निदान भांडले असते.

मग तिने मला युक्ती सांगितली. "ताई, तुमच्याकडं येतंय तेव्हा डावं-उजवं इचारच करू नका. जो पंख खाली झुकला ना, काडी त्या बाजूला न्यायची. खाली टेकू दिल्यासारखं." मी दिला टेकू. विमान सरळ झालं. मी तिला "हं" एवढंच म्हटलं. डिसेंबर संपेपर्यंत मला लहान विमान फिरवता येऊ लागलं, उतरवताही येऊ लागलं. तिच्याइतकं अलगद नाही. पण पाडत नव्हते.

इकडे भाऊ मोठं विमान बांधत होता. रोज संध्याकाळी कंपनीतून आला की दिव्याखाली. त्याच्या कामाची पद्धत बघण्यासारखी आहे. बॅटरी चार्ज करायची ती मातीच्या कुंडीत ठेवून, फरशीवर, आणि चार्ज होईपर्यंत घरातलं माणूस तिथून हलायचं नाही. प्रोपेलर सगळ्यांत शेवटी, शेतात गेल्यावर. तोवर मोटर कितीही तपासा, नुसतीच फिरेल. आधी रिमोट चालू, मग विमानाची बॅटरी जोडायची. बंद करताना उलट, आधी विमान, मग रिमोट. कुणीही प्रोपेलरच्या समोर किंवा रेषेत उभं राहायचं नाही. भावजयीला तो हे रोज म्हणायला लावायचा, पाढे म्हणायला लावतात तसं. मलाही लावायचा.

एका रविवारी मी विचारलं, सहज विचारल्यासारखं, "याचं पहिलं उड्डाण कोण करणार?"

भाऊ फोमवर पट्टी दाबत होता. मान वर न करता म्हणाला, "ती करेल. तिचा हात बसलाय. तू हातातून सोड, नेहमीसारखं."

नेहमीसारखं. त्याला वाटलं, तो मला माझी जुनी जागा देतोय. मला वाटलं, मला नोकरीवरून काढून शिपाई केलं. मी पेणला येईपर्यंत गाडीत कुणाशी बोलले नाही, आणि मी गाडीत न बोलणारी बाई नव्हे.

पण तिथंच मी ठरवलं. उडवायचं ती उडवू दे, रंग मी देणार. लोक बघणार ते विमान. विमान कोण चालवतं ते कुणाला दिसतं? भाऊ खूष झाला. म्हणाला, "पंखांना नको, नुसती शेपटी रंगव. वळताना लांबून कळलं पाहिजे. आणि पाण्याचा रंग वापर. थिनरने फोम विरघळतो." शेपटीचा भाग सुटा होतो, तो वर्तमानपत्रात गुंडाळून मी पेणला घेऊन आले.

आणि मी कामाला लागले. बाई, किती लागले. कारखान्याचं काम आटोपून रोज थोडं थोडं. फोमवर बारीक खड्डे दिसत होते, म्हणून आधी पुट्टी. घासून गुळगुळीत केली. पांढरा हात दिला, मग दुसरा. त्यावर केशरी, त्याला खालून लाल छटा. कडेला सोनेरी काठ, पैठणीला असतो तसा, आणि काठावर बारीक मोत्यांची रांग. आमचे हे येऊन बघून गेले आणि म्हणाले, "हे उडवायचंय की याचं विसर्जन करायचंय?" मी लक्ष दिलं नाही. शेपटी हातात धरली तर चांगली जड लागली, आणि मला ते आवडलंच. आमच्याकडे मूर्ती मागून जड ठेवतात. पोट आणि सोंड पुढे असते, म्हणून पाठीकडे माल जास्त भरायचा, म्हणजे पाटावर ठाम बसते, पुढे कलंडत नाही. मागे जड ते स्थिर, हे आम्ही पेणकर बारशापासून ऐकतो. मी म्हटलं, बरं झालं, हिच्या हातात विमान डुगडुगणार नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही तिघं शेतात गेलो. ऊन छान होतं, वारा खरंच नव्हता. भावजयीने तांदळाच्या भाकऱ्या नि सुकटीची चटणी बांधून घेतली होती. मी शेपटीवरचा कागद काढला आणि भावजय बघतच राहिली. "आई गो," म्हणाली, "ताई, हे तर देवाचंच दिसतंय." भाऊ डोळ्यांजवळ नेऊन बघत होता. मोत्यांच्या रांगेवरून बोट फिरवत होता. मला वाटलं, झालं माझं काम. आता उडव गो तू खुशाल.

शेपटी बसवली, वायरी जोडल्या. मग भावाने नेहमीचं केलं. पंखांच्या खाली दोन ठिकाणी पेनाने खुणा केलेल्या असतात. त्या खुणांवर दोन्ही हातांची एकेक बोटं टेकवून विमान उचलायचं. ते आडवं तोलून राहिलं पाहिजे, नाक किंचित खाली. त्याने उचललं आणि शेपटी धपकन खाली गेली.

त्याने परत उचललं. परत तेच.

"शेपटी जड झालीय," भाऊ म्हणाला.

"मग स्थिर राहील ना?" मी म्हटलं.

तो हसला नाही. म्हणाला, "ताई, मूर्ती बसायची असते. याला उडायचंय. शेपटी जड असली की नाक वर जातं, हवेत थबकतं आणि कोसळतं. काडी कितीही हलवा, हातात काही राहत नाही." त्याने बॅटरी नाकात जाईल तेवढी पुढे सरकवली. शेपटी तरी खालीच. मग पेटीतून मासे धरायच्या जाळ्याला लावतात ते शिशाचे मणी काढले. भावजयीच्या माहेरून आणलेले. नाकात एक ठेवला, दोन ठेवले, ठेवतच गेला. माझा रंग शेपटीला आणि तिच्या माहेरचं शिसं नाकाला. शेवटी एकदाचं तोललं, तेव्हा त्याने हातात घेऊन वजन बघितलं.

"उडेल," म्हणाला, "पण जड झालंय. जोरात उतरेल. नाहीतर रंग काढायचा." आणि मग बायकोकडे तोंड करून म्हणाला, "उडवणार तू. उडवणाऱ्याचा शब्द शेवटचा. सांग."

भावजय माझ्याकडे बघत होती. मी शेपटीकडे बघत होते. तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "रंग नको काढायला. ताईंनी किती जीव लावून केलंय. मी उडवते शिसं घालून. उतरवीन सांभाळून."

हिला आधीच सगळं मिळालेलं. आता ती मला माझाच रंग दान देत होती. शिवाय ती जड विमान उतरवताना पाडेल, हेही माझ्या मनात आलं. का नाही येणार? पाडलं तर पाडू दे, तिच्या हातून पडेल, असंही आलं. पण मग मला भाऊ दिसला. विमान दोन्ही हातांत लहान मुलासारखं धरून बसला होता. सहा-सात महिने त्याने भिंतीकडे पाठ केली होती ती याच्यासाठी. हे आपटलं तर तो परत भिंतीकडे वळेल, आणि पाडलं कुणी हे मग कुणी विचारणार नाही.

"आण इकडे," मी म्हटलं. "पॉलिश पेपर आहे ना पेटीत?"

"ताई, नको ना," भावजय म्हणाली.

"तू गप बस गो. माझा रंग आहे, मी काढीन नाहीतर ठेवीन."

बांधावर बसून मी ती शेपटी घासली. आधी मोती गेले, मग काठ, मग केशरी. पुट्टी निघायला वेळ लागला. कोपराला कळ लागली. भावजयीने दुसरा पेपर घेतला आणि शेजारी बसायला आली, मी तिच्या हातातून तो काढून घेतला. घासताना मी तिला मनात काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. शेवटी फोमवर नुसती फिकट केशरी छटा राहिली. लांबून कळण्यापुरती. भावाने बोटांवर उचललं. शिशाचा एकच मणी राहिला आणि विमान तोलून उभं राहिलं, नाक किंचित खाली.

मग त्याने प्रोपेलर बसवला. रिमोट चालू, मग बॅटरी. भावजय रिमोट घेऊन लांब चालत गेली, तिथून तिने काड्या हलवल्या, आणि पंखांच्या नि शेपटीच्या पट्ट्या हलतात का ते मी विमान धरून मोठ्याने सांगितलं. हलत होत्या. शेतात कुणी नव्हतं, तरी भावाने मला चारी बाजूंना बघून तसं म्हणायला लावलं. मी म्हटलं, "मोकळं आहे." भावजय परत आली, भावाशेजारी उभी राहिली, आणि मी त्यांच्या पुढे जाऊन विमान पंखांखालून उचललं, हात प्रोपेलरच्या बरेच मागे. मोटर घुमली. मी धावले. या वयात, साडी वर खोचून. नाक खाली ठेवलं आणि सोडलं.

ते गेलं. मी दम खात मागे आले तोवर विमान शेताच्या टोकाला होतं आणि चढत होतं. भावजय ओठ घट्ट मिटून बघत होती. उडवताना ती अक्षर बोलत नाही, बोलली तर तिचा हात चुकतो. भाऊ तिच्या पलीकडे तोंड वर करून उभा, आणि त्याची मान भलत्याच दिशेला. विमान पुलाकडे, हा बघतोय डोंगराकडे.

"ताई," तो म्हणाला, "ती घाबरली नाही ना?"

विमान कुठं आहे हे नाही विचारलं. ती. धावून धावून मला धाप लागलीय, अंगभर पुट्टीचा भुगा, आणि याला बायको घाबरली का ते पाहिजे. मी म्हटलं, "मजेत आहे तुझी बायको. तू चुकीच्या बाजूला बघतोयस." आणि त्याच्याजवळ जाऊन मी एका हाताने त्याचा कोपर धरला, दुसऱ्याने त्याची हनुवटी धरून तोंड पुलाकडे वळवलं. "पुलाच्या वर बघ. अजून वर. आता डावीकडे येतंय, हळू. उन्हात पंख चमकला बघ."

त्याची मान माझ्या हातात थांबली. मग ती आपोआप हलायला लागली, विमानाबरोबर.

"दिसलं," तो म्हणाला. "ताई, दिसलं. कसलं सरळ जातंय."

ते परत निसटलं, मी परत वळवलं. "आता आपल्या डोक्यावरून जातंय. आता माघारी वळलं. शेपटी दिसतेय, केशरी." मी बोलत राहिले आणि तो ऐकत राहिला. मध्येच हसायचा. माझा कोपर त्याने आपल्या कोपरात अडकवून घेतला होता. भावजय चार पावलांवर एकटी उभी होती, रिमोट घेऊन, आणि तिला आमच्याकडे बघायलाही सवड नव्हती.

तिने ते फार सुंदर उतरवलं. हे मला म्हणावंच लागेल. कापलेल्या भाताच्या खुंटांवरून ते घसरत आलं आणि थांबलं. भावजयीने आधी जाऊन विमानाची बॅटरी काढली, मग रिमोट बंद केला. तेव्हा कुठं ती हसली. कपाळावर घाम होता.

दुसरी बॅटरी तयार होती. भाऊ म्हणाला, "ताई, आता तू उडव. चांगलं वागतंय विमान." आणि भावजयीने रिमोटचा पट्टा आपल्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातला. काही खळखळ नाही, तोंड वाकडं नाही. गणपती झाल्यापासून ज्यासाठी मी जळत होते ते माझ्या छातीवर होतं. दोन्ही अंगठे काड्यांवर ठेवून पाहिले. मला जमलं असतं.

भावजय माझ्या बाजूने भावाकडे गेली. त्याच्या कोपराशी उभी राहिली आणि म्हणाली, "उडवा ताई तुम्ही बिनधास्त. यांना मी सांगते, कुठं हाय ते."

मी पट्टा काढला.

"नको गो," मी म्हटलं, "तूच उडव. तुला सांगता येत नाय नीट."